उंबऱ्यापासून घंगाळापर्यंत

"पाळकीणबाई, उद्या घंगाळ मांडू नका!"

इतकी वर्षं लोटली, गावं बदलली, माणसं मातीला गेली, तरी एलियाआबांचा तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. ओरडणं नव्हतं ते. आबांना ओरडावं लागत नसे. जन्मभर मिशनच्या शाळेत पाढे म्हणवून घेतलेला गळा होता तो. हळू बोलला तरी कुंपणावरून उडी मारून आत यायचा.

मी मागच्या अंगणात बसले होते. पुढ्यात पितळी घंगाळ पालथं, हातात चिंचेचा गोळा, कोपरापर्यंत राख. नांदूरखळ्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत शहरातल्यासारखं संगमरवरी कुंड नव्हतं. बाप्तिस्म्याचं पाणी या घंगाळात भरायचं आणि ते व्यासपीठाखाली तिवईवर मांडायचं, अशी रीत होती. ते घासून सोन्यासारखं करणं हे पाळकाच्या बायकोचं काम. शनिवारी दुपारी मी तेच करत होते.

"मांडू नका म्हणजे?" मी उठले. "सुवार्ताच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे ना? यांनी गेल्या रविवारी मंडळीत सांगितलंय."

"सांगताना मला विचारलं नव्हतं."

आबा फाटकाबाहेरच उभे राहिले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, काखेत छत्री. सुवार्ता त्यांची शेंडेफळ. परगावी नर्सिंगचं शिकायला गेली होती. दिवाळीला आली नाही, नाताळाला आली नाही; आणि गव्हाची सोंगणी चाललेली असताना भर दुपारी एसटीतून उतरली, ती कडेवर बाळ घेऊन. त्या दिवसापासून आबांनी गावात मान खाली घातली नव्हती. उलट जास्तच ताठ केली होती. तेच बघवत नव्हतं.

"आत या ना आबा, चहा टाकते."

"चहाला नाही आलो. बाळाला बाप लागतो, पाळकीणबाई. तुम्हाला आमची चाल ठाऊक आहे."

ठाऊक होतीच. मी नगरला वाढले, कितीतरी मंडळ्या बघितल्या, पण ही चाल कुठे पाहिली नव्हती. नांदूरखळ्यात बाप्तिस्म्याच्या दिवशी आई बाळाला घेऊन प्रार्थनामंदिराच्या उंबऱ्याशी थांबायची. तिथे बापानं तिच्या हातातून बाळ उचलायचं, सगळ्या मंडळीमधून चालत ते घंगाळापर्यंत आणायचं आणि बाळाचं नाव, आपलं नाव, आडनाव असं खणखणीत म्हणायचं. आवाज शेवटच्या चटईपर्यंत गेला पाहिजे. गेला नाही तर आबा पहिल्या चटईवरून म्हणायचे, "पुन्हा!" तरणे बाप आठवडाभर रानात बैलांना ऐकवून तालीम करत. एकजण तर घाबरून बाळाच्या जागी स्वतःचंच नाव आधी घेऊन बसला. म्हातारा होईपर्यंत लोक त्याला विचारत, "काय रे, तुझाच झाला ना बाप्तिस्मा?" ही चाल आबांनी पाडलेली, आबांनीच राखलेली. बाप नसेल तर बाप येईपर्यंत थांबायचं.

"बाप नाही असं बाळ जन्मतं का आबा?" मी म्हटलं. "असेल कुठंतरी."

"असेल तर येऊ दे. उंबऱ्याशी उभा राहू दे. मी स्वतः त्याच्या हातात बाळ देईन."

"आणि नाहीच आला तर?"

आबांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. "तर सोमवारच्या पहिल्या एसटीनं बाळ बालगृहात जाईल. तिथल्या बाईंशी मी बोलून आलोय. दूध मिळतं, शाळा मिळते. सुवार्ता परत जाऊन शिक्षण पुरं करील. कुणाचंच काही बिघडत नाही."

"आईचं बिघडतं की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता, नुसता थकवा होता.

"एक नाव सांगावं तिनं," ते म्हणाले. "नाव सांगितलं की मी त्या घरी जाईन. पाया पडेन. लग्न लावून देईन. बाळ राहील, आई राहील. एक नाव, पाळकीणबाई. मी काही डोंगर मागत नाही तिच्याकडं."

आणि ते वळले. त्यांची पाठ दिसेनाशी होईतो मी हातातली चिंच तशीच धरून उभी होते.

हात धुतले आणि तडक आबांच्या घरी निघाले. आबा त्या वाटेनं गेले नव्हते, हे बघूनच.

ओसरीवर राहेलकाकू, आबांच्या पत्नी, झोळीची दोरी ओढत होत्या. काकूंना लिहिता येत नव्हतं, पण सगळं शुभवर्तमान त्यांना ओव्यांत पाठ होतं. काही माहेरून आणलेल्या, काही जात्यावर बसल्या बसल्या सुचलेल्या. मला बघून त्यांनी डोळे पुसले, पण ओवी थांबवली नाही.

"गोठ्यातल्या बाळा, तुला कोणाचं रे नाव?
सुताराचं का आणखी कुणाचं, पुसे सारा गाव.
पुसता पुसता दमला गाव, दिवे गेले विझून,
माऊलीच्या पदराखाली बाळ गेलं निजून."

"तुम्हीच रचली काकू?"

"आता पोरगं निजवताना सुचली, बाई. यांच्यापुढं म्हणत नाही."

सुवार्ता मागच्या दारी लंगोट पिळत होती. लहानपणी मंडळीच्या नाटकात नेहमी देवदूत व्हायची म्हणे, इतका मोकळा चेहरा. आता गालफडं वर आली होती.

"तुम्हीही नावच विचारायला आलात का बाई?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मी ताक मागायला आले."

"मग ताकाला येऊन भांडं का लपवताय?"

मी हसले. तीही हसली आणि जरा सरकली. मी तिच्या शेजारी दगडावर बसले. लंगोट पिळायला घेतले.

"आबा म्हणतात, एक नाव सांग, बाळ राहील," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग?"

तिनं पिळलेला लंगोट पुन्हा पाण्यात बुडवला. "मी गेले होते त्याच्या दारात. बाळ पोटात होतं. तो बाहेर आला. मागं त्याची बहीण उभी होती. तिनं विचारलं, कोण रे ही? तर म्हणाला, मला ठाऊक नाही." तिनं लंगोट झटकला. "आबांना नाव सांगितलं तर ते जातील. जातील म्हणजे जातीलच. त्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकवतील. माझ्या आबांनी आजवर कुणापुढं डोकं टेकवलंय का हो बाई, देवाशिवाय? ते मला बघवणार नाही. आणि त्यांनी टेकवूनही तो म्हणेल, मला ठाऊक नाही."

"हे सगळं त्यांना सांग ना."

"काय सांगू? नाव ऐकलं की पुढचं ऐकायच्या आधीच धोतर सावरून निघतील. त्यांचा स्वभाव तुम्हाला नवा आहे, मला नाही."

ओसरीवर बाळ रडलं. ती उठली, पदराला हात पुसले.

"उद्या मी येणार आहे," ती म्हणाली. "मीच उचलून आणणार. घंगाळ असेल तर असेल, नसेल तर नसेल."

"आणि मागं फिरवलं तर?"

"तर सोमवारी मी बाळ सोडणार नाही आणि आबा आम्हाला ठेवणार नाहीत. आम्ही दोघं कुठं जाणार, ते अजून मलाच ठाऊक नाही." ती आत वळली आणि दारातच थबकली. "बाई, तुम्ही एवढं वाचता. देवाला घरात घ्यायच्या आधी नाव-गाव लागतं का हो?"

उत्तर माहीत होतं. पण माझ्या तोंडून ते तिला पुरलं नसतं.

दिवस कलता कलता हे सायकलवरून आले. शेजारच्या वस्तीवर उपासनेला गेले होते. तोंड धुण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं. शांतवन, माझा नवरा, मऊ माणूस. या गावात येऊन त्यांना जेमतेम वर्ष होत होतं, आणि त्यातलं निम्मं वर्ष आबा त्यांच्या उपदेशातल्या चुका काढत होते.

"आबांशी बोललो वाटेत," ते म्हणाले. "ते म्हणाले, पाळकसाहेब, तुम्ही काल आलात, उद्या बदलून जाल. चाल इथंच राहणार आहे."

"मग?"

"लिली, ही चाल मोडली तर अर्धी मंडळी उठून जाईल."

"आणि पाळली तर एक बाळ जाईल."

ते खाटेवर बसले. सायकलची क्लिप पायातच होती. "मंडळीचं एक वेळ सोड. सलोमीचं काय? ती पहिली उभी राहील."

सलोमीबाईचं नाव काढलं आणि माझाही जोर ओसरला. आम्ही या गावात येण्याआधीची गोष्ट होती ती. सलोमीचा मुलगा फौजेत, तिकडे सीमेवर. इकडे नातू झाला, योना त्याचं नाव. तापानं फणफणला तेव्हा सलोमी त्याला पदराखाली घेऊन आबांकडे आली. म्हणाली, पाळकाला सांगा, बाप्तिस्म्याचं पाणी लावा. आबा म्हणाले, बापाला रजा मिळतेय, तो येईस्तोवर थांब. बाप आला तेव्हा पोर पुरून झालं होतं. त्यानंतर सलोमी कधी पुढच्या चटईवर बसली नाही, आबांशी चकार शब्द बोलली नाही, आणि इतरांशी बोलली ती विळ्यासारखी.

"तिनं जे सोसलं," हे म्हणाले, "ते दुसरीला फुकट माफ होताना ती बघत बसेल होय?"

चुलीतला जाळ मी सारखा केला. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. यांनी पायातली क्लिप काढली आणि विचारलं, "घंगाळ घासून झालंय?"

"झालंय."

"मग मांड. पाणी मी भरतो."

रविवारी घंटा झाली तेव्हा घंगाळ तिवईवर होतं. मी त्यावर पांढरा रुमाल टाकला होता. झाकल्यानं काय लपणार होतं! आत येणारा प्रत्येकजण आधी रुमालाकडे बघे, मग पहिल्या चटईवर बसलेल्या आबांच्या पाठीकडे.

आबांनी घंगाळ बघितलं होतं. गीतपुस्तक उघडून बसले, पण पान उलटत नव्हते.

गीत झालं, ढोलकी थांबली. यांनी काय उपदेश केला ते मला आठवत नाही. त्या दिवशी कुणालाच आठवत नसेल. सगळ्यांचे कान दाराकडे होते. शेवटी यांनी पुस्तक मिटलं, घसा साफ केला.

"बाप्तिस्म्यासाठी कुणी बाळ आणलं आहे काय?"

दारात सावली पडली. सुवार्ता उंबऱ्याशी उभी होती. धुतलेलं पांढरं लुगडं, छातीशी बाळ. तिच्या मागे राहेलकाकू, डोक्यावरून पदर घेतलेल्या.

बायकांच्या चटयांवर कुजबूज झाली. आणि दाराजवळच्या शेवटच्या चटईवरून सलोमीबाईचा आवाज आला:

"बाप कुठाय गं? का मनिऑर्डरीनं यायचाय?"

दोघीतिघी फिसकन हसल्या. सुवार्ताचा चेहरा पांढराफटक पडला. पण तिनं पाऊल उचललं आणि उंबरा ओलांडला.

"थांब."

आबा उठले होते. चटयांमधल्या वाटेवर येऊन ते उभे राहिले आणि त्यांनी एक हात आडवा केला.

"आबा—" हे व्यासपीठावरून म्हणाले.

"तुमचं काम पाणी लावायचं आहे, पाळकसाहेब. बाळ घंगाळापर्यंत कसं येतं ते मंडळी बघेल." मग मुलीला म्हणाले, "काय नाव ठेवलंयस?"

"शमुवेल."

"चांगलं नाव आहे. शास्त्रातल्या हन्नेनं देवाकडून शमुवेल मागून घेतला आणि देवाच्या घरी नेऊन सोडला. ती रडली नाही. तू बालगृहात सोड."

"तिनं देवाला दिला होता, आबा," सुवार्ता म्हणाली. "लाजेला नव्हता दिला."

आबांचा हात तसाच राहिला.

"एक नाव सांग आणि ये."

"नाही सांगणार."

"मग मागं फिर."

"आबा, तुम्ही मला घरातून काढा. मला मारा. पण ह्याला एकदा घंगाळापर्यंत जाऊ द्या. ह्यानं कुणाचं काय केलंय?"

"फिर मागं, सुवार्ता!"

पुरुषांच्या बाजूनं एकदोन आवाज उठले. "आबांचं बरोबर हाय. चाल म्हंजे चाल." "आमी समदे चाललोय की या वाटंनं, पोरं घेऊन." एकानं तर टोपी डोक्यावर घालून उठायची तयारी केली. मी यांच्याकडे बघितलं. यांनी रुमाल उचलला होता आणि हात घंगाळाच्या काठावर ठेवला होता. म्हणजे पाणी लावायला ते तयार होते.

तेवढ्यात शेवटच्या चटईवर हालचाल झाली. सलोमीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. मला वाटलं, झालं. आता ही पोरीला दाराबाहेर काढणार. तिला तसा हक्कही होता.

ती लंगडत आली, सुवार्ताच्या पुढे झाली आणि आबांच्या आडव्या हातासमोर उभी राहिली. इतक्या दिवसांनी त्यांच्याकडे तोंड करून.

"आबा, मला येक सांगा. मंग मी गपचिप बसते."

आबांनी नजर तिच्याकडे वळवली.

"माझा योना बाप्तिस्म्यावाचून गेला. बाप न्हवता म्हून. तुमीच मला माघारी धाडलं. बरं, धाडलं. पर त्यो वर गेला असंल तवा देवानं बी त्याला इचारलं असंल का, की बाप कुठाय? दाराभाईर ठिवलं असंल का माझ्या लेकराला?"

यांनी बोलायला तोंड उघडलं. सलोमीनं मागे न बघता हात वर केला.

"तुमी नगा बोलू, पाळकसाहेब. तुमी पुस्तकातलं सांगाल. चांगलंच सांगाल. मला ह्यांच्या तोंडून ऐकायचंय." तिचा आवाज चिरला, पण ती थांबली नाही. "ठिवलं असंल, तर तसं म्हना, आबा. मंग हिच्या पोराला बी ठिवा भाईर. माझी काय बी तक्रार न्हाई. पर देवानं ठिवलं नसंल, तर मंग त्या दिशी माझ्या लेकराला भाईर ठिवणारं कोन हुतं?"

बाळाच्या नाकातला सूं-सूं आवाज पहिल्या चटईपर्यंत येत होता.

मी आबांना बाजूनं बघत होते. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"मोठ्यानं," सलोमी म्हणाली.

"नाही ठेवलं," आबा म्हणाले. "देवानं नाही ठेवलं त्याला बाहेर."

"कशावरनं म्हनता? माझी समजूत नगा घालू. म्हातारी झाले मी, समजुती लई ऐकल्या. कशावरनं?"

आबांचा हात खाली आला.

"माझ्यावरून," ते म्हणाले.

सलोमीला कळलं नाही. मला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. सलोमी बाजूला झाली. आबा चालत उंबऱ्यापर्यंत गेले. सुवार्तानं बाळ छातीशी घट्ट धरलं; तिला वाटलं, हिसकावून घेतात की काय. आबांनी दोन्ही हात पुढे केले आणि नुसते तसेच धरले. ओढले नाहीत, मागितले नाहीत. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. काय दिसलं तिला कोण जाणे. तिनं बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं.

आबांची बाळ धरायची सवय मोडली होती. मान लटकत होती. राहेलकाकू पुढे झाल्या, त्यांचा कोपर धरून वाकवला आणि बाळाचं डोकं तिथे नीट ठेवलं. मग आबा चालू लागले.

ती वाट मी कितीदा बघितली होती. तरणे बाप ती झपाझप तुडवायचे, मिशीत हसत, कुणाला तरी डोळा घालत. आबा त्या वाटेनं असे चालले, की जणू पायाखाली पाणी आहे आणि तळ कुठे आहे ते ठाऊक नाही. टोपी घालून उठायला निघालेला माणूस मधेच अर्धवट उभा होता. आबा जवळून गेले तसा तो खाली बसला. सुवार्ता त्यांच्या मागून येत होती. तिच्या मागून सलोमी, दारापाशी परत न जाता.

आबा घंगाळापाशी थांबले. यांनी पाण्यात हात बुडवला. रिवाजाप्रमाणे विचारलं:

"बाळाचं नाव काय?"

"शमुवेल," आबा म्हणाले. त्यांनी एकदा खोल श्वास घेतला आणि तोंड मंडळीकडे वळवलं. तोच आवाज, पाढे म्हणवून घेणारा, शेवटच्या चटईच्याही पलीकडे जाणारा.

"पुढं बापाचं नाव नाही. माझ्याही पुढं नाही. मला लोकांनी बालगृहाच्या फाटकाशी उचललं, दुष्काळाच्या साली, फडक्यात गुंडाळलेलं. कुणी ठेवलं, कुणाचं पोर, काही कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. आत घेतलं, दूध पाजलं, पाणी लावलं आणि एलिया म्हणाले. सरोदे हे मी लावतो ते आडनाव तिथल्या माळ्याचं. तो म्हणाला, माझं लावा. ह्यालाही तेच लावा; बाळ घरीच राहील." त्यांनी मान वळवली. "राहेल, माझं गाव, माझे भाऊबंद, पटकीत गेलेली माझी आई, सगळं मी रचून तुला सांगितलं. सलोमे, ही चाल देवाची नव्हती गं. माझी होती. बाप आपल्या लेकराला उचलून आणतो तेव्हा कसा दिसतो, ते मला बघायचं होतं."